८,६०० कोटींची ठेव



हे सदर सुरू झाल्यापासून शाळकरी वाचकांकडून एक प्रश्न हटकून येतो. "दादा, आपल्या मेंदूची मेमरी किती जीबीची असते?" सॉफ्टवेअरवाल्याला विचारायला हा प्रश्न सोपा वाटत असणार. पण त्याचं सरळ उत्तर देता येत नाही. ते का देता येत नाही हे समजून घ्यायचं तर आधी मेंदू उघडून बघावा लागतो आणि मग त्यातली एक पेशी उघडून बघावी लागते. आज तेच करू. शेवटी घरातल्या दोन अगदी व्यवहारी गोष्टींपर्यंत पोचू, त्यामुळे मोठ्यांनीही पान उलटू नये ही विनंती.

आधी बाहेरून

मोठ्या माणसाच्या मेंदूचं वजन साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅम. महाविद्यालयातल्या बरणीत ठेवलेला मेंदू रसायनामुळे घट्ट झालेला असतो. जिवंत मेंदू तसा नसतो, तो खरवसासारखा मऊ असतो. कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो म्हणून चालताना, धावताना त्याला धक्के बसत नाहीत.

वरून अक्रोडासारखा सुरकुतलेला दिसतो तो मोठा मेंदू, पाठ्यपुस्तकातलं प्रमस्तिष्क. त्याचे डावा आणि उजवा असे दोन अर्धगोल. दोघांना जोडणारा एक जाड पट्टा मधून जातो आणि त्यात सुमारे २० कोटी तंतू असतात. डावा अर्धगोल शरीराच्या उजव्या बाजूचा कारभार बघतो, उजवा डाव्या बाजूचा. हे उलटं वाटप लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

प्रत्येक अर्धगोलाचे ढोबळमानाने चार भाग. कपाळामागचा भाग बेत आखणं, स्वतःला आवरणं ही कामं करतो आणि त्याच्या मागच्या कडेवरून हातापायांना हुकूम सुटतात. टाळूच्या जरा मागे स्पर्शाची नोंद होते. कानांच्या आतल्या बाजूला ऐकणं आणि आठवणींशी संबंधित कामं. आणि बघणं डोळ्यांच्या मागे नाही, थेट डोक्याच्या मागच्या टोकाला. म्हणूनच मागून डोक्याला जोरात मार बसला की कधी कधी डोळ्यांपुढे चांदण्या चमकतात.

या सगळ्यावरचा करडा थर जेमतेम २ ते ४ मिलीमीटर जाडीचा. घड्या उलगडून सपाट पसरला तर साधारण वर्तमानपत्राच्या एका मोठ्या पानाएवढा भरेल. एवढं पान कवटीत बसवायचं तर चुरगळूनच ठेवावं लागणार. सुरकुत्या त्यासाठीच. या थराचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग घड्यांच्या आत लपलेला असतो.

मानेच्या वर, मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. तोल, लय, हालचालींमधला नेमकेपणा ही त्याची खाती. सायकल चालवताना आपण पॅडलचा विचार करत नाही ते याच्या कृपेने. आणि या दोघांना पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूशी जोडणारा अंगठ्याएवढा देठ असतो. श्वास, हृदयाचे ठोके, जाग आणि झोप यांची व्यवस्था त्याच्याकडे. आकाराने सगळ्यांत लहान, पण तो थांबला की सगळं थांबतं.

मोजणी कशी झाली

आपल्या मेंदूत १०० अब्ज पेशी असतात हा आकडा कित्येक वर्षं पुस्तकांत छापून येत होता. तो मुळात कोणी मोजला याचा मात्र पत्ता लागत नव्हता. ब्राझीलमधल्या रिओ दी जानेरो इथल्या संशोधक सुझाना हर्क्युलानो-हौझेल यांना हे खटकलं. मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत पेशींची दाटी वेगवेगळी, त्यामुळे एक तुकडा मोजून गुणाकार करणं भरवशाचं नाही. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंपाकघरात शोभेल अशी युक्ती काढली. मेंदू रसायनात घोटून त्याचं एकजीव सूप करायचं. पेशींची आवरणं विरघळतात, पण प्रत्येक पेशीचं केंद्रक शाबूत राहतं. सूप नीट ढवळलं की कुठल्याही चमचाभरात केंद्रकांचं प्रमाण सारखंच. मग रंग देऊन चमचाभरातली केंद्रकं मोजायची आणि गुणाकार करायचा.

मरण पावलेल्या चार पुरुषांच्या मेंदूंवर केलेली ही मोजणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी आकडा आला ८६ अब्ज. आपल्या हिशेबात ८,६०० कोटी चेतापेशी. चेतापेशी म्हणजे न्यूरॉन. त्यांच्याखेरीज साधारण तेवढ्याच दुसऱ्या पेशी, ज्या आधार देतात, खाणं पुरवतात, कचरा उचलतात.

खरी गंमत वाटपात आहे. मोठ्या मेंदूच्या करड्या थरात सुमारे १,६०० कोटी चेतापेशी. आणि लहान मेंदूत, जो वजनाने एकूण मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढाच आहे, तिथे तब्बल ६,९०० कोटी! बाकी सगळ्या भागांत मिळून १०० कोटीसुद्धा नाहीत.

एक पेशी दिसायला इतकी वर्षं का लागली

सूक्ष्मदर्शक तर सतराव्या शतकापासून होता. मग चेतापेशी नीट दिसायला एकोणिसावं शतक संपत का यावं लागलं? कारण मेंदूचा पातळ काप काढून रंग दिला की सगळ्याच पेशी रंगतात आणि सगळ्यांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. केसांच्या गुंत्यातला एक केस टोकापासून टोकापर्यंत नजरेने शोधावा तसं ते काम.

१८७३ मध्ये कामिल्लो गोल्जी या इटालियन डॉक्टरने वाट काढली. तो तेव्हा एका छोट्या गावातल्या रुग्णालयात नोकरीला होता आणि तिथल्या स्वयंपाकघरालाच त्याने प्रयोगशाळा केलं होतं. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवायचा आणि मग चांदीच्या क्षारात, सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवायचा. झालं असं की शेकड्यातल्या मोजक्या पेशीच रंगल्या. पण ज्या रंगल्या त्या मुळापासून शेंड्यापर्यंत काळ्याकुळकुळीत, पिवळसर पार्श्वभूमीवर शाईने काढल्यासारख्या. रंग सगळ्यांना लागत नाही हा खरं तर पद्धतीतला दोष. तोच कामाचा ठरला. आमच्या धंद्यात याला "बग नाही, फीचर आहे" म्हणतात.

ही पद्धत १८८७ मध्ये माद्रिदला एका स्पॅनिश डॉक्टरच्या पाहण्यात आली. त्याचं नाव सांतियागो रामोन इ काहाल. याला लहानपणी चित्रकार व्हायचं होतं. वडील शरीररचना शिकवणारे डॉक्टर. त्यांना मुलाचं चित्रकलेचं वेड मान्य नव्हतं. शेवटी त्यांनी त्याला हाडांची चित्रं काढायला लावून शरीरशास्त्राची गोडी लावली. "आधी इंजिनियरिंग कर, मग काय ते कर" हे ऐकलेल्या माझ्या पिढीला हा प्रसंग परका वाटू नये. फरक एवढाच की काहालचा कुंचला सुटला नाही. त्याने काढलेली चेतापेशींची चित्रं आजही पाठ्यपुस्तकांत छापली जातात.

गोल्जीचं मत होतं की मेंदू म्हणजे एकसंध जाळं, सगळे तंतू एकमेकांत मिसळलेले, जसे घरातले नळ एकाच पाइपलाइनला जोडलेले असतात. काहालने पक्ष्यांच्या लहान मेंदूचे आणि कोवळ्या प्राण्यांच्या मेंदूचे काप बघितले, कारण तिथे गुंता कमी असतो. त्याला दिसलं ते वेगळंच. तंतू दुसऱ्या पेशीपर्यंत जातो, तिला वेटाळतो, पण तिच्यात मिसळत नाही. प्रत्येक पेशी आपल्या जागी स्वतंत्र. १८८८ पासून तो हे मांडत राहिला. १८९१ मध्ये जर्मनीच्या वाल्डायर यांनी या पेशीला न्यूरॉन हे नाव दिलं आणि १८९७ मध्ये इंग्लंडच्या शेरिंग्टन यांनी दोन पेशींच्या भेटीच्या जागेला सिनॅप्स म्हटलं.

१९०६ चं नोबेल गोल्जी आणि काहाल या दोघांना मिळून दिलं गेलं. आणि गोल्जीने त्या समारंभातल्या भाषणात काहालच्याच सिद्धान्ताला विरोध केला! निकाल लागला १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर. दोन पेशींच्या मध्ये सुमारे २० नॅनोमीटरची फट स्पष्ट दिसली, केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाइतकी. काही ठिकाणी पेशी थेट जोडलेल्याही सापडल्या, पण मुख्य मुद्द्यात काहाल बरोबर होता.

आता पेशीच्या आत

चेतापेशीचे तीन भाग डोळ्यांसमोर आणा. मधला गोळा म्हणजे पेशीकाय. त्यात केंद्रक आणि पेशीचा सगळा कारखाना. गोळ्यातून फुटलेल्या झाडासारख्या फांद्या म्हणजे वृक्षिका. बाहेरून येणारे निरोप त्या घेतात. आणि एकच लांब शेपटी म्हणजे अक्षतंतू. तो निरोप पुढे पोचवतो आणि टोकाला पुन्हा अनेक फाटे फोडतो.

पेशीकाय इतकं बारीक की एका मिलीमीटरमध्ये पन्नासेक मावावीत. आणि अक्षतंतू? कमरेजवळच्या मेरुरज्जूतून पायाच्या पंजापर्यंत जाणारा तंतू जवळपास एक मीटर भरतो. एकाच पेशीचा! पेशीकाय दिवाळीच्या पाच सेंटिमीटरच्या लाडवाएवढं मानलं तर त्याला अडीच किलोमीटरची शेपटी असेल आणि त्या टोकापर्यंतची सगळी डागडुजी लाडवातूनच करावी लागेल.

लांब अंतराच्या तंतूंवर चरबीयुक्त आवरणाची गुंडाळी असते, मायलिन नावाची. तिच्यात मधेमधे अगदी लहान मोकळ्या जागा असतात आणि संदेश एका मोकळ्या जागेवरून पुढच्या जागेवर जणू उड्या मारत जातो. आवरण नसलेल्या बारीक तंतूत वेग सेकंदाला एक-दोन मीटर, म्हणजे आपल्या चालण्याइतका. जाड, आवरणाच्या तंतूत तो सेकंदाला १०० मीटरपर्यंत जातो. करंगळी दाराच्या चौकटीवर आपटली की ठेच आधी कळते आणि ती ठणकणारी कळ क्षणभर मागून येते, ते यामुळेच. दोन्ही निरोप वेगवेगळ्या तारांनी निघालेले असतात. मेंदूतला पांढरा भाग पांढरा दिसतो तोही याच चरबीमुळे. करड्या भागात पेशीकायांची गर्दी, पांढऱ्यात तारांची.

संदेश म्हणजे नेमकं काय? पेशी शांत असताना तिच्या आतला विद्युतदाब बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टने कमी असतो. आवरणातले बारीकसे पंप सोडियम सतत बाहेर फेकून आणि पोटॅशियम आत घेऊन हा फरक टिकवतात. पुरेसा इशारा मिळाला की दारं उघडतात, सोडियम आत घुसतो आणि सुमारे एक हजारांश सेकंदाचा झटका तंतूवरून पळत सुटतो. झटका लहान-मोठा नसतो. एक तर येतो, नाहीतर येत नाही. जोराची हाक आणि कुजबूज यांतला फरक झटके किती लवकर लवकर येतात यावरून कळतो.

तंतूच्या टोकाला पोचल्यावर पुढे ती २० नॅनोमीटरची फट. तिथे विजेचं काम संपतं आणि रसायनाचं सुरू होतं. टोकातल्या चिमुकल्या पिशव्या फुटून रसायन फटीत सांडतं, पलीकडच्या पेशीच्या कुलपात चावीसारखं बसतं. काही रसायनं म्हणतात "चल", काही म्हणतात "थांब". एकेका पेशीवर अशी हजारो मतं येत असतात. ती त्यांची बेरीज-वजाबाकी करते आणि स्वतः झटका द्यायचा की नाही ते ठरवते.

म्हणून जीबीचं उत्तर नाही

आपल्या लॅपटॉपमध्ये हिशेब करणारी चिप वेगळी आणि साठवण्याची वेगळी. मेंदूत असं गोदाम नाही. दोन पेशींमधला सांधा वापराने बळकट होतो, न वापरता सैल पडतो, नवे सांधे फुटतात, जुने जातात. आठवण राहते ती मुख्यतः या सांध्यांच्या बळात. जो सांधा निरोप पोचवतो तोच आठवणही सांभाळतो. त्यामुळे "किती जीबी" हे विचारणं म्हणजे आपल्या मंडळातले ऋणानुबंध किती लिटर आहेत असं विचारण्यासारखं. असतात नक्की, पण त्या मापाने मोजता येत नाहीत.

आणखी एक फरक आहे आणि तो जास्त महत्त्वाचा. लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली तर नवी आणून बॅकअप चढवता येतो. मेंदूत ती सोय नाही.

हे ठामपणे कसं सांगता येतं त्याची गोष्ट विलक्षण आहे. शीतयुद्धाच्या काळात खुल्या हवेत अणुचाचण्या झाल्या आणि हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण वाढलं. १९६३ च्या करारानंतर ते हळूहळू उतरू लागलं. नवी पेशी तयार होते तेव्हा तिच्या डीएनएमध्ये त्या वर्षीच्या हवेतला कार्बन बसतो, नाण्यावर साल उमटावं तसा. स्टॉकहोमच्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने हा शिक्का वाचून दाखवला. मोठ्या मेंदूच्या करड्या थरातल्या चेतापेशी माणसाच्याच वयाच्या निघाल्या. आतड्याचं अस्तर काही दिवसांत बदलतं, रक्तपेशी काही महिन्यांत. पण सत्तर वर्षांच्या आजी ज्या पेशींनी आज विचार करतात त्या पेशीही सत्तरच्याच. आठवणींशी निगडित एका छोट्या भागात मोठेपणी नव्या पेशी जन्मतात का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे. पण बाकी मोठ्या थराचा हिशेब साफ आहे.

म्हणजे पेशी ही जन्मतः मिळालेली ठेव. तिच्यात भर पडत नाही. भर घालता येते ती सांध्यांमध्ये. यातून दोन कामं निघतात: ठेव बुडू द्यायची नाही आणि सांधे वाढवत राहायचे.

पहिलं काम: घड्याळ

वजनाने शरीराचा फक्त २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या वेळी शरीराच्या एकूण ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा खातो. विजेच्या भाषेत साधारण २० वॅट, घरातल्या एका एलईडी ट्यूबलाइटइतकी. ही ऊर्जा मुख्यतः ते सोडियमचे पंप चालवण्यात आणि निरोप देण्याघेण्यात जाते. आणि मेंदूकडे म्हणावी अशी शिल्लक नाही. यकृत साखर साठवतं, मेंदू मात्र रोजच्या रोज आणून खाणारा. मिनिटाला सुमारे ७५० मिलीलीटर रक्त त्याच्याकडे जातं. पूर्ण पुरवठा थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत पेशी मरू लागतात. पंप बंद, सोडियम आत, पाणी त्याच्या मागोमाग, आणि पेशी सुजून फुटते.

मेंदूच्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणं किंवा वाहिनी फुटणं म्हणजे स्ट्रोक, आपल्याकडे ज्याला पक्षाघात किंवा अर्धांगवायूचा झटका म्हणतात. २००६ मध्ये अमेरिकेतल्या जेफ्री सेव्हर या मेंदूविकारतज्ज्ञाने हिशेब मांडला. मोठ्या वाहिनीत गुठळी अडकून उपचार मिळाला नाही, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी जातात. तासाला ११ कोटींहून जास्त. आपण फोनवर "मी गाडी काढतो, तू फाइल शोध" एवढं बोलतो तेवढ्यात काही लाख गेलेल्या असतात.

आपल्या घरांत अशा वेळी काय होतं ते मी आमच्याच इमारतीत बघितलंय. सकाळी चहा पिताना एका आजोबांच्या हातून बशी निसटली, बोलणं बोबडं झालं. घरच्यांना वाटलं पित्त, रात्री झोप झाली नसेल. लिंबू-सरबत दिलं, "जरा पडा" म्हणून झोपवलं. दुपारी उजवा हात उचलेना तेव्हा धावपळ झाली. आजोबा वाचले, पण उजवा हात अजून कामाचा नाही आणि शब्द शोधावे लागतात. घरच्यांची माया कुठे कमी पडली नाही. हे काय चाललंय ते ओळखणारं कोणी त्या खोलीत नव्हतं, इतकंच.

आता ते उलटं वाटप आठवा. उजवा हात आणि बोलणं एकदम का गेलं? कारण दोन्हींचा कारभार डाव्या अर्धगोलात शेजारी शेजारी आहे. बहुतेक माणसांत बोलण्याची केंद्रं डावीकडे असतात, हे १८६१ पासून माहीत होऊ लागलं. त्या वर्षी पॅरिसच्या डॉ. पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाचा मेंदू तपासला. तो माणूस समोरच्याचं बोलणं समजू शकत असे, पण स्वतः एकच अक्षर उच्चारत असे. त्याच्या डाव्या कपाळामागच्या भागात इजा सापडली. १८७४ मध्ये जर्मनीचे कार्ल वेर्निके यांनी कानाच्या वरच्या-मागच्या भागाकडे लक्ष वेधलं, जिथे इजा झाली तर बोलणं वाहतं राहतं पण अर्थ निसटतो.

तेव्हा ओळखायचं असं. हसायला सांगा, ओठ एका बाजूला ओघळतो का? दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली येतो का? एक सोपं वाक्य म्हणायला लावा, अडखळतं का? यातलं एक जरी एकाएकी घडलं तर थांबायचं नाही. एकाएकी तोल जाणं किंवा एका डोळ्याने दिसेनासं होणं हीसुद्धा लक्षणं. १०८ ला फोन करा आणि जिथे चोवीस तास सीटी स्कॅन होतं आणि स्ट्रोकवर उपचार होतात अशा रुग्णालयात न्या. लक्षणं सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत देता येतं आणि त्या साडेचार तासांतही जितकं लवकर तितकं चांगलं. तोंडाने काही देऊ नका, कारण गिळण्यावरही परिणाम झालेला असू शकतो. ऍस्पिरिनही मनाने देऊ नका, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही. आणि दहा मिनिटांत सगळं आपोआप ठीक झालं तरीही दाखवायलाच हवं, तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

तरुणांना मुद्दाम सांगतो. घरात हे आजी-आजोबांना नाही, तुम्हाला ठाऊक असायला हवं. झटका ज्याला येतो त्याला तो सांगता येईलच असं नाही.

दुसरं काम: सांधे

आता आपल्या हैदराबादची गोष्ट. इथल्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला. कधीच शाळेत न गेलेल्यांमध्येही फरक दिसला, म्हणजे हा फक्त शिक्षणाचा परिणाम म्हणता येत नाही. हे शहर या अभ्यासासाठी उत्तम जागा, कारण इथे भाजीवालीसुद्धा तेलुगू, दखनी आणि गिऱ्हाइकापुरती मराठी सहज बोलते. त्याच संस्थेतल्या ६०८ स्ट्रोकच्या रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये आला. झटक्यानंतर विचारशक्ती शाबूत राहिलेल्यांचं प्रमाण एकभाषिकांत १९.६ टक्के, तर बहुभाषिकांत ४०.५ टक्के. बोलणं जाण्याचं प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखंच.

एक शक्यता अशी मांडली जाते की दिवसभर एक भाषा दाबून दुसरी वर काढण्याच्या सवयीने जास्तीचे रस्ते तयार होतात, आणि एक रस्ता बंद पडला तर वळसा घालून जाता येतं. हे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. भाषेमुळेच हा फरक पडला असं त्यांतून सिद्ध होत नाही आणि इतर काही ठिकाणच्या अभ्यासांत असा फरक आढळला नाही, हेही सांगायला हवं.

आणि याच अभ्यासातला एक निष्कर्ष आपल्याला गैरसोयीचा आहे. दोनापेक्षा जास्त भाषांचा वेगळा फायदा त्यात दिसला नाही. म्हणजे इथल्या मराठी मुलाला इंग्रजी आणि तेलुगू येत असेल तर मेंदूच्या हिशेबाने त्याचं भागलं. त्यामुळे "मराठीने मेंदू तल्लख होतो म्हणून मराठी शिकवा" असं मी लिहिणार नाही. "तीन भाषांनी मुलं गोंधळतात, घरी मराठी बंद करू" असं म्हणणाऱ्या पालकांना मात्र एवढं सांगेन की या शहरातली मुलं पिढ्यान् पिढ्या तीन-चार भाषांत वाढली आहेत. डोक्यात जागा अपुरी पडली म्हणून कुणाची भाषा बाहेर काढावी लागली नाही.

मराठीसाठीचं माझं कारण वेगळं आहे. स्ट्रोकनंतर बहुभाषिक माणसाच्या सगळ्या भाषा सारख्याच परततील असं नसतं. काहींमध्ये एक आधी येते, दुसरी मागे राहते, कोणती येईल ते आधी सांगता येत नाही. स्मृतिभ्रंशात काही जण नंतर शिकलेली भाषा विसरत विसरत लहानपणच्या भाषेकडे सरकतात. आयुष्यभर कार्यालयात इंग्रजी आणि बाजारात तेलुगू बोललेली आपली आजी उद्या फक्त लातूरच्या घरची मराठी बोलेल, असं होऊ शकतं. तिला तहान लागलीय, पाठ दुखतेय, भीती वाटतेय हे ती त्याच भाषेत सांगेल. त्या दिवशी खोलीत ती भाषा समजणारं नातवंड असेल की नाही, हे आज आपल्या जेवणाच्या टेबलावर ठरतंय.

या महिन्याचा गृहपाठ सोपा आहे. हसणं, हात, बोलणं या तीन खुणा आणि १०८ हा आकडा एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. आणि आठवड्यातून एकदा आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारा, उत्तर मराठीतूनच घ्या आणि पुढचा प्रश्नही मराठीतूनच विचारा.

पुढच्या महिन्यात झोपेबद्दल. दिवसभरात तयार झालेले हे सांधे रात्री कोण आवरतं, ते बघू. प्रश्न पाठवत राहा.